देवराष्ट्र्याचं घर, कामशेतचा वाद

उर्सेच्या टोलनाक्यावर थांबलेल्या कुठल्याही गाडीवाल्याला विचारा, हा रस्ता कुणाच्या नावाचा? बहुतेक जण संशयाने तुमच्याकडे बघतील. ‘एक्स्प्रेसवे’ला कुणाचं नाव असतं हे कुणाच्या गावीही नसतं. नाव आहे : यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. 94.5 किलोमीटर लांब, सहा पदरी, 2002 मध्ये पूर्ण खुला झालेला. खंडाळ्याचा घाट चढून तो लोणावळ्याला बगल देतो आणि मावळातल्या भातखाचरांमधून पुण्याकडे उतरतो. माझ्या मामांची काही खाचरं त्याच्याखाली आहेत.

मामा कामशेतचे. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते, तळेगावला राहते. मध्यंतरी आम्ही दोघं देवराष्ट्र्याला जाऊन आलो. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात, सागरेश्वरच्या डोंगराशेजारी हे गाव आहे. पुढे मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री आणि उपपंतप्रधान झालेल्या यशवंतरावांचा जन्म ज्या घरात झाला ते तिथे सरकारने स्मारक म्हणून जपलं आहे. येताना कराडला उतरलो, प्रीतिसंगमावर समाधीपाशी बसलो, त्यांचं ‘विरंगुळा’ हे घर पाहिलं. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत मामा गप्प होते. मामा गप्प बसले की मुद्दे जमवत असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पुढे कामशेतच्या ओटीवर तो वाद बरेच दिवस चालला. त्यातलं जे लक्षात राहिलं ते लिहिते आहे. माझ्या सोयीने थोडं इकडचं तिकडे झालं असेल. मामांनी हे वाचून तसं म्हटलंच आहे.

मामा : मला आधी एवढं सांग, आपण नेमकं काय बघून आलो?

मी : घर.

मामा : बैठं, कौलारू घर. असली घरं बघायला एवढं पेट्रोल जाळायची काही गरज नव्हती. माझ्या लहानपणी या गावात दुसरं काही नव्हतंच. आणि ते त्यांचं घर तरी आहे का? चव्हाण मूळचे विट्याकडचे. वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलीफ. देवराष्ट्रे हे आईचं माहेर. म्हणजे घर घाडग्यांचं.

मी : पहिलं-दुसरं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच आहे.

मामा : रीत आहे, म्हणूनच म्हणतो. घर मामाचं आणि नाव भाच्याचं. आमच्या वाट्याला हेच येतं.

मी : तुमच्या घराला माझं नाव लागायची वेळ आली तर मी नको म्हणेन, काळजी करू नका. पण मामा, बाळंतपण माहेरी झालं यातच त्या घराची निम्मी गोष्ट आहे. 12 मार्च 1913. बाळंतपण अडलं होतं. आजीने सागरेश्वराला साकडं घातलं की यश दे, मुलाचं नाव यशवंत ठेवीन. गावात दवाखाना नाही, डॉक्टर नाही. एक सुईण असेल आणि डोंगरावरचा देव. ते ठेंगणं आढं, तो अंधार, हे बघितल्यावर मला ते साकडं कळलं. पुस्तकात वाचलं होतं तेव्हा ती नुसती नावामागची गोष्ट वाटली होती.

मामा : पुस्तकाचं बरं काढलंस. ‘कृष्णाकाठ’ आहे की! 1984 मध्ये आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. कृष्णाकाठ, सागरतीर, यमुनाकाठ असे तीन भाग लिहायचे होते, एकच लिहून झाला. स्वतःचं बालपण त्या माणसाने स्वतःच्या हाताने, इतक्या निगुतीने लिहून ठेवलंय, त्यावर भिंती कशाला जपायच्या? पोराला पुस्तक द्या. एसटीचं भाडंही वाचेल.

मी : पुस्तक सत्तरीच्या माणसाने लिहिलंय. उपपंतप्रधान होऊन गेलेल्या माणसाने. तो मागे वळून बघतो तेव्हा सगळ्याला अर्थ आलेला असतो. घराला तो अर्थ माहीत नसतो. त्याच्या लेखी ते पोर घरातल्या इतर पोरांसारखंच एक पोर.

मामा : घराच्या लेखी? तुम्ही आर्किटेक्ट लोक भिंतींना बोलायला लावता.

(हे मला लागलं. आमच्या धंद्यात ही खोड आहे खरी. प्रत्येक प्रस्तावात एखादी वास्तू ‘साक्षीदार’ असतेच. पण मला म्हणायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते मांडायला मला मामांच्याच आयुष्यातला दाखला लागला.)

मी : बरं, भिंती राहू देत. तुम्ही बी.ए. कसे झालात?

मामा : ईबीसीवर, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फीसवलतीवर.

मी : सांगा ना नीट.

मामा : त्यात काय सांगायचं? छापील फॉर्म असायचा. वडिलांचं वार्षिक उत्पन्न लिहायचं, तलाठ्याचा दाखला जोडायचा, वडगावच्या कचेरीतून सही-शिक्का आणायचा. वडील फॉर्म हातात घेऊन बराच वेळ बसायचे. भात किती झालं, दूध किती गेलं, त्याचे पैसे कसे धरायचे? उत्पन्न फार दाखवलं तर सवलत जाणार, आणि फार कमी दाखवायची त्यांना लाज वाटायची. शेवटी तलाठीच म्हणायचा, लिहा हो पाटील, एवढं. मग अंगठ्याच्या शाईने फॉर्मचा कोपरा निळा व्हायचा. फी माफ. या पंचक्रोशीतले माझ्या वयाचे जेवढे म्हणून मास्तर, क्लार्क, ग्रामसेवक झाले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या ट्रंकेत तो निळा कोपरा निघेल.

मी : ती सवलत आणली कुणी?

मामा : यशवंतरावांनीच, मुख्यमंत्री असताना. मी नाकारतोय कुठे? जातीचा दाखला नको, फक्त उत्पन्न बघा, ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

मी : आणि ती त्यांनाच का सुचली?

मामा : आलं लक्षात तुझं. ते चार-पाच वर्षांचे असताना बाप प्लेगने गेला. आई विठाबाई, पदरात पोरं, थोरल्याला लवकर कमाईला लागावं लागलं, कराडात भाड्याच्या घरात संसार. म्हणून सवलत. पण मग मी तुला सांगतो, ती सगळी हकीगत त्या फॉर्ममध्ये आहे, घरात नाही. जपायचाच तर फॉर्म जपा.

मी : फॉर्मही जपूया. पण फॉर्ममध्ये ‘वार्षिक उत्पन्न’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात माणसं कशी राहायची, चूल कुठे होती, पावसात अंथरुणं कुठे सरकवायची, हे घरातच कळतं.

मामा : आणि ते कळून काय होतं? शहरातली मंडळी आत डोकावतात, ‘अगदी साधं घर हो!’ म्हणतात, फोटो काढतात, उसाचा रस पितात. गरिबी तिकीट न लावता दाखवायची सोय. त्या काळात या देशात कोट्यवधी पोरं असल्या घरांत जन्माला आली. घराने माणूस घडत असता तर मावळातून निदान शंभर संरक्षणमंत्री निघायला हवे होते.

इथे मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. बालपणीच्या घरांचा सगळा व्यवहारच घर आणि माणूस यांच्यातल्या या फटीवर उभा आहे. रत्नागिरीत टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघायला माणसं जातात, पण टिळक त्या घरात दहा वर्षांचे होईपर्यंतच होते. 1866 मध्ये वडिलांची बदली पुण्याला झाली आणि केसरी-मंडालेपर्यंतचं पुढचं सगळं दुसरीकडे घडलं. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात भीमेकाठी राजगुरूंचा वाडा आहे, गावाचं नावच आता राजगुरुनगर. पण शिवराम हरी राजगुरू कोवळ्या वयात त्या घरातून निघून गेले ते नाशिक, काशी करत लाहोरपर्यंत. 23 मार्च 1931 ला फाशी गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. आपण जपतो ती बरीचशी घरं त्या माणसांनी मागे सोडलेली घरं असतात. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. तिथे घर उरलं नाही, मोठं स्मारक उभं राहिलं. उलट मोठेपणीचा त्यांचा बंगला आमच्या तळेगावात आहे आणि लोणावळ्याला चिक्की घ्यायला जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी एखादी तरी तिकडे वळते का, शंका आहे.

मामांचा पुढचा बाण इतिहासाच्या मास्तरांचा होता.

मामा : लिंकनचं ऐकलंयस? अमेरिकेत केंटकी राज्यात हॉजेनव्हिल म्हणून गाव आहे. तिथे टेकडीवर एक ग्रीक देवळासारखी दगडी इमारत बांधली, 1911 मध्ये पुरी झाली. चढायला 56 पायऱ्या, कारण लिंकन 56 वर्षं जगला. आणि त्या देवळात, गाभाऱ्यात पिंड असावी तशी, लाकडी ओंडक्यांची खोपी. लिंकनचं जन्मघर! लाखो लोक टोपी काढून आत गेले. पुढे कुणीतरी ओंडक्यांची वलयं मोजली. लिंकन जन्मला 1809 मध्ये, आणि ती झाडं तोडली होती त्याच्या कितीतरी वर्षांनंतर. आता तिथलंच खातं त्याला प्रतीकात्मक खोपी म्हणतं.

मी : म्हणजे अगदी वलयं मोजेपर्यंत तुमचं वाचन गेलंय.

मामा : निवृत्त माणूस आहे मी. मुद्दा ऐक. घर जपायला गेलं की देऊळ होतं. देऊळ झालं की देव खरा की खोटा हे कुणी विचारत नाही. आणि देवाचे दोष तर देवळात कधीच लिहीत नाहीत. माझे वडील 30 नोव्हेंबर 1957 ला पसरणीच्या घाटात होते, ठाऊक आहे ना?

मी : प्रतापगडला.

मामा : शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू येणार होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनं पुकारली. मावळातून माणसं शिदोऱ्या बांधून गेली. मुख्यमंत्री कोण? यशवंतराव. द्विभाषिक राज्याचे. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून माणसं गोळ्या खाऊन मेली होती, आणि हे म्हणत होते की महाराष्ट्र आणि नेहरू यांत मला नेहरू मोठे. वडील त्यांचं नाव घरात घेऊ द्यायचे नाहीत. पुढे 1 मे 1960 ला राज्य झालं, कलश यशवंतरावांच्याच हाती आला, आणि ईबीसीच्या फॉर्मवर अंगठा उठवताना वडिलांच्या तोंडावर काय भाव होते, ते मी पाहिलेत. आता देवराष्ट्र्याच्या घरात जाऊन मी नेमकं कुणापुढे हात जोडायचे?

मी : हात जोडायला कोण सांगतंय? बालपणीचं घर मला त्याच कारणासाठी आवडतं. ते पसरणीच्याही आधीचं आहे. त्यात ना द्विभाषिक, ना दिल्ली. एक शाळकरी पोर आहे. 1929 मध्ये जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात उपोषण करत होते, तेव्हा हे पोर कराडात रोज वर्तमानपत्राची वाट बघायचं. 63 दिवसांनी दास गेले, तर घरातलं माणूस गेल्यासारखं रडलं. पुढे 26 जानेवारी 1932 ला झेंडा लावला म्हणून अठरा महिने सक्तमजुरी. कोठडीत भेटायला आलेल्या मास्तरांनी माफीचं सुचवलं, तर आईच आडवी आली. विठाबाई. शाळा न शिकलेली बाई. मला विचाराल तर देवराष्ट्र्याचं घर तिचं आहे. ती तिथे लहानाची मोठी झाली.

मामा : हे मात्र मान्य. ते घर विठाबाईंचं माहेर म्हणून दाखवलं तर मी पुन्हा येईन. पण तसं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे पुढाऱ्याची आई म्हणजे भिंतीवरचा एक फोटो, हार घातलेला.

आम्ही एवढ्यावर थांबलो असतो तर तोडगा निघाल्यासारखा वाटला असता. पण मामांच्या मनात दुसराच विषय होता, तो त्यांच्या स्वतःच्या घराचा. कामशेतपासून आत, खाचरांच्या कडेला मामांचं जुनं घर आहे. दगडी जोतं, पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी आणि गुरांचा गोठा. माजघराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. वर मंगलोरी कौलं. मामा तिथेच जन्मले. आता रस्त्याकडेच्या नव्या स्लॅबच्या घरात राहतात, आणि जुनं पाडून तिथे मुलासाठी बांधकाम काढायचं त्यांच्या मनात आहे.

मी : पाडू नका.

मामा : का? मी उपपंतप्रधान नाही.

मी : म्हणूनच. मामा, देवराष्ट्र्याचं घर सरकारने जपलं ते मोठ्या माणसामुळे, पण माझ्या कामाला ते उपयोगी पडतं ते लहान माणसांमुळे. शेतकऱ्याचं घर कसं असायचं, हे दाखवायला राज्यात काय उरलंय? किल्ले आहेत, देवळं आहेत, सरदारांचे वाडे आहेत. मातीची घरं गेली. एक पुढारी तिथे जन्मला म्हणून एक वाचलं. आणि तुमचं घर त्याच्याहून निराळं आहे. तो पर्जन्यछायेतला मुलूख, आणि इथे शेजारी लोणावळ्यात सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे कौलांचा उतार जास्त, वळचण लांब, पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात म्हणून. कूड वाऱ्याला हलतो पण तडकत नाही.

मामा : आणि दर वर्षी शाकारणी कोण करणार? पूर्वी मे महिन्यात भावकी जमायची, एका दिवसात कौलं उतरवून, फुटकी काढून परत चढवायची. आता भावकी पिंपरीत आहे. वासे वाळवीने खाल्लेत. पश्चिमेची भिंत तर तू बघितलीस.

बघितली होती. तिच्यापाशी मी बराच वेळ उकिडवी बसले होते. मामांच्या वडिलांनी कधीतरी, घर पक्कं दिसावं म्हणून, त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. माती ओल शोषते आणि ऊन पडलं की सोडून देते, तिचं आयुष्य या ये-जा करण्यावर असतं. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. जोत्यातून वर चढलेलं पाणी आत कोंडतं, गिलाव्याला फुगे येतात, आणि एक दिवस तो मागच्या मातीचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. नखाने टोकरलं तर भिंत पिठासारखी झरत होती. जिथे गिलावा नव्हता, नुसतं सारवण होतं, त्या पूर्वेच्या भिंतीवर मामीच्या सासूच्या बोटांचे अर्धवर्तुळाकार फराटे अजून दिसतात. जुन्या घरांची डागडुजी करताना ही एक चूक मी सगळीकडे बघते. सरकारी स्मारकांतही बघितली आहे. मजबूत करायला जावं आणि त्यानेच भिंत मरावी.

मी : गिलावा काढू. चुन्या-मातीचं लिंपण करू. वासे बदलू.

मामा : पैसे?

मी गप्प.

मामा : तेच तर. देवराष्ट्र्याच्या घराला खातं आहे, माझ्या घराला फक्त भाची आहे. आणि दुसरं सांगू? मळवलीकडे, पवनेच्या बाजूला मुंबईची माणसं नवी मातीची घरं बांधतायत. आत एसी, बाहेर सारवलेलं अंगण, एका रात्रीचं भाडं ऐकलंस तर चक्कर येईल. ज्यांची खरी होती त्यांना ती ठेवणं परवडत नाही, आणि ज्यांना परवडतं ते नवी जुनी बांधतात.

मी : मग निदान पाडण्याआधी मोजमाप घेऊ द्या. नकाशा, फोटो, कुठलं लाकूड, कुणी बांधलं, सगळं.

मामा : कुणी बांधलं? हा प्रश्न चांगला आहे. मी पोरांना कार्ल्याला न्यायचो ना, तेव्हा चैत्यगृहाच्या दाराशी थांबवायचो. दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे तिथे. धेनुकाकट गावच्या एका सुताराने दार केलं, असं त्याच्या नावानिशी कोरलंय. आतल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं. राजाचं नाव शोधायला पोरं पुढे धावायची, मी म्हणायचो थांबा, आधी सुताराचं वाचा. देवराष्ट्र्याच्या घराचा गवंडी कोण, हे सांगता येईल का कुणाला? माझ्या घराचा मला सांगता येतो. कान्ह्याचा होता, वडिलांचा मित्र. त्याच्या नातवाची आता क्रेन आहे.

(मामांचं हे असं. वाद हरायला लागले की लेण्यात शिरतात. पण हा मुद्दा मी चोरला आहे आणि पुढच्या प्रस्तावात वापरणार आहे.)

मी : म्हणजे घर जपायला तुमचा विरोध नाही.

मामा : माझा विरोध निवडीला आहे. कुणाचं जपायचं हे ठरतं कसं? माणूस मोठ्या खुर्चीत बसला की त्याचा पाळणा पवित्र. बऊर इथून हाकेवर आहे. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघं गेले. त्यात एक बाई होती. रस्ता कुणाच्या नावाचा? यशवंतरावांच्या. क्रांतिदिनाला. सत्याग्रह केला म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर. त्या तिघांची घरं बघायला कुणी बस काढतं का?

मी : नाही.

मामा : मग?

मी : मग तिथेही जावं. पण एका घराला न्याय मिळाला नाही म्हणून दुसरं पडू द्यावं, हे तुमच्या तोंडी शोभत नाही. आणि मामा, ज्या रस्त्यावर ते घडलं त्या रस्त्यावरून जाताना यशवंतरावांची आठवण तुम्हाला आली ती कशामुळे? रोज जाता. कधी आली होती?

मामा जरा थांबले. मग म्हणाले, ‘देवराष्ट्र्याहून आल्यापासून येते.’ आणि लगेच सावरून, ‘त्याचं श्रेय घराला देऊ नकोस. खंबाटकीत ट्रॅफिक होतं, विचार करायला वेळ मिळाला.’

आमचं एकमत एवढ्यावरच झालं की देवराष्ट्र्याच्या घराभोवती काही बांधू नये. संगमरवर नको, कारंजं नको, घोषवाक्यांच्या फरशा नकोत, जन्मघरापेक्षा उंच प्रवेशद्वार तर नकोच नको. ते जेवढं आहे तेवढंच दिसावं आणि दर मे महिन्यात त्याची शाकारणी व्हावी. एवढा खर्च राज्याला सहज झेपतो. मामांनी एक अट घातली : आत ईबीसीचा एक भरलेला फॉर्म लावावा, निळ्या कोपऱ्याचा. मी म्हटलं, तुमचाच देऊ. ते म्हणाले, त्यावर वडिलांचं उत्पन्न आहे, ते लोकांनी कशाला वाचायचं? लाज अजून गेलेली नाही.

घरामुळे माणूस कळतो का, यावर मात्र आम्ही होतो तिथेच आहोत. माझं मत असं की माणूस कळत नाही, त्याच्यासमोरची अडचण कळते, आणि पुढाऱ्याला जोखायला तेवढं माप पुरतं : ज्या अडचणीतून तो आला, ती इतरांची कमी करण्यासाठी त्याने खुर्चीवरून काय केलं? यशवंतरावांच्या बाबतीत फीमाफी, 1 मे 1962 पासूनच्या जिल्हा परिषदा आणि त्याच वर्षीचं औद्योगिक विकास महामंडळ ही उत्तरं आहेत, पसरणीचा घाट हेही एक उत्तर आहे. मामांच्या मते हे सगळं गॅझेटात आणि ग्रंथालयात सापडतं, कराडला वेणूताई चव्हाण स्मारकात यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आहे, तो चाळावा, जन्मखोलीत डोकावू नये.

तुम्ही जाणार असाल तर ‘कृष्णाकाठ’ची सुरुवातीची प्रकरणं वाचून जा आणि देवराष्ट्रे, कराड दोन्ही एका दिवसात करा. शाळेतलं एखादं पोर सोबत न्या, त्याला घरात सोडा आणि आपण ओटीवर बसा. ते बाहेर येऊन काय विचारतं ते ऐका. आणि तुमचं स्वतःचं जुनं घर पाडायला काढलं असेल, तर जेसीबी बोलावण्याआधी त्याचं मोजमाप घ्या, चार भिंतींचे फोटो काढा, बांधणाऱ्याचं नाव म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा, आणि एक प्रत गावच्या शाळेत द्या.